‘बोर्ड गेला’ हे निदान नव्हे

‘बोर्ड गेला.’

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन जळगाव-धुळ्यातल्या दुकानांत थोडं फिरा. भुसावळ, चोपडा, शिरपूर, साक्री, गाव कुठलंही चालेल. तपासणीच्या पहिल्या पाच मिनिटांत हे दोन शब्द कानावर पडण्याची शक्यता भरपूर आहे. ‘बोर्ड गया भो.’ आवाजात थोडं दुःखही असतं, जवळचं कोणी गेल्यासारखं. आणि मग लगेच दिवसकार्याच्या खर्चाचा अंदाज :-)

लॅपटॉप असेल तर बोर्ड गेला, टीव्ही असेल तर पॅनल गेला, मोबाईल असेल तर आयसी गेली. आणि मशीन चालू असून नुसतं मंद चालत असेल तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’. एवढ्या चार वाक्यांवर एक अख्खा धंदा चाललाय. या चारपैकी एकही वाक्य निदान नाही, हे आज जरा मोठ्या आवाजात सांगायचं आहे. आणि हेही सांगायचं आहे की यात दोष फक्त दुकानदाराचा नाही. त्याच्यापेक्षा मोठे गुन्हेगार तिघं आहेत, त्यातले एक आपण स्वतः.

आधी निदान म्हणजे काय ते बघू. निदानाला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. काय बिघडलं? कशावरून? आणि का बिघडलं? ‘बोर्ड गेला’ हे पहिल्या प्रश्नाचं अर्धवट उत्तर झालं. दुसऱ्याचं उत्तर ‘आम्हाला अनुभव आहे ना साहेब’ असं मिळतं. तिसरा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. खरं म्हणजे तोच सगळ्यात महत्त्वाचा. कारण तसंच राहिलं तर नवा बोर्ड त्याच सॉकेटला, त्याच धुळीत, त्याच उन्हात बसणार आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच वाटेने जाणार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हापिसात एखादा बग शोधतो तेव्हा काय करतो? अर्ध्यात तोडतो. अलीकडच्या अर्ध्यात आहे की पलीकडच्या? मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. हार्डवेअरलाही हेच लागू आहे, तिथे तर ते जास्त सोपं आहे, कारण वीज एका ठरलेल्या वाटेने येते. भिंतीतला सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, पॉवर कॉर्ड, एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर. साखळीच्या मधोमध मोजा. डेस्कटॉपच्या एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरवर एक जांभळी वायर असते. मशीन बंद असलं तरी, मेन स्विच चालू असेल तर तिच्यावर ५ व्होल्ट असायला हवेत. ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. तिथे ५ असतील तर साखळीच्या अलीकडच्या अर्ध्याची बरीच शंका फिटली, पलीकडे शोधा. नसतील तर बोर्डाला हात लावायचं कारणच नाही. पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणि दोन मिनिटं. एवढं करायच्या आधी जो बोर्डावर मयताचा दाखला लिहितो, तो तपासणी करत नाहीये, अंदाज विकतोय.

एक उदाहरण देतो. नात्यातल्या एकांचं यावल तालुक्यात कृषी केंद्र आहे. बिलांसाठी एक जुना डेस्कटॉप. एका मार्चमध्ये त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी बटण दाबलं की पंखा एक झटका घेऊन थांबायचा. चार-पाच वेळा दाबल्यावर एकदाचा सुरू व्हायचा, आणि एकदा सुरू झाला की रात्री दुकान बंद होईपर्यंत सुरळीत. दुकानातून निकाल आला, बोर्ड गेला. जुन्या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, त्यामुळे नव्या बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅमही नवी. एकूण सोळा हजार.

आता यात मल्टिमीटरसुद्धा लागत नाही, नुसता विचार पुरतो. मेलेला बोर्ड दिवसभर बसून बिलं छापत नाही! थंड असताना सुरू न होणं आणि गरम झाल्यावर ठीक चालणं हे म्हाताऱ्या झालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. आतलं द्रव सुकत गेलं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत तो आणखी जास्त असतो, थोडी ऊब मिळाली की कमी होतो. जांभळी वायर मोजली, सकाळी ४.२ व्होल्ट. दुसरा एसएमपीएस लावला, पहिल्याच बटणाला मशीन उभं. खर्च सोळा हजार नाही, चौदाशे रुपये. आणि ‘का’चं उत्तर काउंटरखालीच होतं. कॅबिनेट पश्चिमेच्या खिडकीला चिकटून, दुपारनंतर थेट ऊन, आणि एसएमपीएसच्या पंख्यावर धुळीची गोधडी. जागा बदलली, पंखा साफ केला. ते मशीन आजही बिलं छापतंय.

आता कोणी म्हणेल, हा एक किस्सा झाला. बरं, किस्सा बाजूला ठेवा आणि आपल्या मुलुखाकडे बघा. यंत्र का बिघडतं हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण ते मॅन्युअल खान्देशात बसून लिहिलेलं नसतं.

पहिली गोष्ट, ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो हे काही मी नव्याने सांगायला नको. ढोबळ नियम असा की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. खोलीतच ४२ असेल तर कॅबिनेटच्या आत त्याहून दहा-पंधरा अंश जास्त धरा. एसीच्या खोलीत जो भाग आठ वर्षं टिकेल, तो आपल्याकडे पत्र्याच्या छताखाली दोन-तीन वर्षांत फुगतो. याला ‘कंपनीच भंगार’ म्हणत नाहीत. हे गणित आहे.

(कंपनी भंगार निघाल्याचीही उदाहरणं आहेत, नाही असं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरची साथच आली होती. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतली २००३ ते २००५ मधली असंख्य मशीन्स त्यात सापडली. आणि जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप्स सदोष निघाल्याचं जाहीर करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्याच काळात ‘हीट गन मारून चिप जिवंत करतो’ हा उद्योग फोफावला. गरम केल्यावर तुटलेला सांधा तात्पुरता चिकटतो, मशीन चालू होतं, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि काही आठवड्यांत स्क्रीन पुन्हा काळी. ही दुरुस्ती नव्हती, मयताला बसवून ठेवणं होतं.)

दुसरी गोष्ट, वीज. शेतीपंप सुरू झाले की ओळीच्या टोकाच्या गावात व्होल्टेज किती राहतं हे टोकाच्या गावात राहणाऱ्याला विचारा. त्यात लोडशेडिंगच्या काळापासून घरोघरी इन्व्हर्टर आलेत. लाईट गेली की पंखा-दिवा चालू राहतो, पण कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. यावर किती जणांनी एसएमपीएस बदलला असेल, किती जणांनी बोर्ड! प्रत्यक्षात बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. पुरवठा तुटल्यावर चांगला एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर यायला त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो. स्विच यूपीएसवर सरकवा, पुष्कळदा दुखणं तिथेच संपतं. खर्च शून्य.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, अर्थिंग. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात ना? ‘थोडा करंट येतो, चप्पल घालून बसा’ हा त्यावरचा आपला राष्ट्रीय उपाय. एसएमपीएसच्या आत शिरतानाच फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात, विद्युत गोंगाट अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थची तार कुठेच जोडलेली नसेल तर बॉडी या दोघांच्या बरोबर मध्ये लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्ट. प्रवाह अगदी थोडा असतो, माणूस सहसा नुसता दचकतो. पण अशा लटकत्या कॉम्प्युटरची केबल चालू टीव्हीला किंवा प्रिंटरला जोडताना तोच झटका पोर्टमधून जातो आणि पोर्ट जळतो. मग? मग बोर्ड गेला! नवा बोर्ड, तोच सॉकेट, सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

आणि जिथे अर्थिंग आहे तिथेही आपली काळी माती आहे. पावसाळ्यात ओल असते तोवर ठीक, उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगा पाडून सुकते, आणि कोळसा-मीठ घालून केलेल्या जुन्या खड्ड्याचा रोध वाढतो. मार्च लागला की त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता, असं जुने वायरमन सांगायचे. किती साधं शहाणपण! आता घरात अर्थिंगचा खड्डा नक्की कुठे आहे हेच निम्म्या घरांना ठाऊक नाही.

तर ही झाली कारणं. यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. मग हे तपासलं का जात नाही? इथे मला दुकानदाराची बाजू घ्यायची आहे.

त्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याने तासभर खपून सांगितलं की ‘काका, बोर्ड चांगला आहे, इन्व्हर्टरचा स्विच चुकीचा होता’, तर आपण त्याला किती देतो? वीस रुपये काढतानाही आपली ओळ ठरलेली आहे, ‘काही टाकलं नाही ना, मग पैसे कशाचे?’ हे वाक्य मी सुशिक्षित, पगारदार, चारचाकीतून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. डॉक्टरने नाडी बघून ‘काही नाही, झोप पूर्ण घ्या’ म्हटलं तरी आपण गुमान फी देतो. वकिलाच्या नुसत्या सल्ल्याचे देतो. मेकॅनिकच्या डोक्याचे मात्र शून्य, पैसे फक्त वस्तूचे. मग त्याने वस्तू विकायची नाही तर काय करायचं? बोर्ड विकला की त्याला मार्जिन मिळतं, खरं निदान केलं की शिव्या मिळतात. आपणच भाव ठरवला आणि आपल्यालाच राग येतो. हा पहिला गुन्हेगार, गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही आणि मी.

दुसरा गुन्हेगार कंपन्या. पूर्वी टीव्ही-रेडिओच्या आत सर्किटची आकृती चिकटवलेली असायची, जुन्या मेकॅनिककडे अशा आकृत्यांची बाडं असत. आजच्या लॅपटॉपची आकृती कंपनी बाहेरच्या कारागिराला देत नाही. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, कधी स्टोरेजसुद्धा, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. काही फोनमध्ये तर अस्सल स्क्रीन किंवा बॅटरी बदलली तरी फोन कुरकुरतो, कारण भागाचा क्रमांक फोनशी बांधलेला असतो. अशा वेळी अधिकृत सेंटरलाही फार डोकं लागत नाही, अख्खा बोर्ड बदला एवढंच त्यांना शिकवलेलं. म्हणजे ‘बोर्ड गेला’ हे गल्लीतल्या पोराने शोधलेलं वाक्य नाहीच, ते वरून खाली आलंय. गल्लीतल्या पोराने उलट त्यातून वाट काढली. आज जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरून तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग बदलणारी मुलं दिसतात. कुठूनतरी मिळवलेल्या आकृत्या आणि हिंदी व्हिडिओ एवढ्या भांडवलावर ती शिकली. त्यांना माझा दंडवत. ज्या ज्ञानासाठी त्यांना चोरवाटेने जावं लागतं, ते उघड मिळायला हवं, हा खरा मुद्दा.

सरकारदरबारी याची दखलच घेतली गेली नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राईट टू रिपेअर’साठी निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आलं. छान. पण पोर्टलवर कंपनीने आपल्या सेवा केंद्राचा फोन नंबर टाकणं म्हणजे दुरुस्तीचा हक्क नव्हे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, फोन, टीव्ही अशा वस्तूंवर ‘दुरुस्त करायला किती सोपी’ याचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे पोर्टल झालं, समित्या झाल्या. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय आलं? सुटा भाग आणि आकृती वाजवी दराने कोणालाही मिळाली पाहिजे, याहून कमी काहीही झालं तर ती मलमपट्टी.

तिसरा गुन्हेगार, आमची कॉलेजं. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण लिहितो. बांभोरीचं कॉलेज १९८३ पासून आहे, जळगावचं सरकारी कॉलेज १९९६ पासून, शिवाय धुळे, शिरपूर, भुसावळ, फैजपूर. दरवर्षी शेकडो अभियंते बाहेर पडतात. त्यातल्या कितींनी चार वर्षांत एक बंद पडलेली वस्तू उघडून, मोजून, चालू करून दाखवली? आमच्या प्रॅक्टिकलला सगळं चालूच असायचं, किंवा चालू आहे असं जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून यायचं. यंत्र बंद असेल तर ‘तो किट सोड, दुसऱ्यावर बस’. म्हणजे जिथून शिक्षण सुरू व्हायचं नेमकं तिथूनच आम्हाला उठवलं जायचं. आयटीआयला दोन वर्षं ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ केलेल्या पोराला सोल्डरिंगचा हात असतो, आणि आम्ही बीईवाले त्याच्याकडे लॅपटॉप नेऊन ‘बघ रे काय झालं’ म्हणतो. त्यात लाज नाही. लाज आहे ती त्याला ‘खाली’ समजण्यात.

आता नेहमीचा आक्षेप. ‘अहो, कोण एवढं करत बसणार? नवं घेतलं की सुटलो.’ कधीकधी हे बरोबरही असतं. बॅटरी फुगली असेल तर दुरुस्ती नाही, ती काढा आणि योग्य ठिकाणी जमा करा. हार्ड डिस्क टक-टक करायला लागली तर आधी बॅकअप, मग नवी. एसएमपीएसचं झाकण घरी उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. कधी बदलायचं हे कळणं हाही निदानाचाच भाग आहे. पण ‘नवं घ्या’ हा निष्कर्ष तपासणीनंतर यायला हवा, तपासणीऐवजी नव्हे. आणि सोळा हजार ही रक्कम पुण्यातल्या पगारदाराला ‘सुटलो’ म्हणण्याइतकी असेल. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला, वादळाने केळी आडवी झाल्याच्या वर्षी ती तशी नसते. साक्रीच्या ज्या मुलीचा ऐन परीक्षेत एकुलता एक लॅपटॉप बंद पडतो तिलाही नसते. चुकीच्या निदानाची किंमत नेहमी तोच भरतो ज्याला ती परवडत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. गिऱ्हाईक म्हणून तीन गोष्टी मागा. काय मोजलं आणि किती आलं, ते बिलावर लिहून. बदललेला जुना भाग, हातात परत. आणि ‘का बिघडलं’ याचं एका ओळीचं उत्तर. या तिन्हींच्या बदल्यात तपासणीची फी द्या, दोनशे, तीनशे, जी ठरेल ती, काही टाकलं नाही तरी. दुकानदार मित्रांनो, तुम्ही दारावर पाटी लावा, ‘तपासणी फी वेगळी, रीडिंग लिहून मिळेल’. पहिले चार महिने लोक नाकं मुरडतील, मग तुमच्याच दारात रांग लागेल. आणि प्राध्यापकहो, प्रत्येक सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं ठेवा की टेबलावर भंगारातून आणलेली बंद वस्तू, एक मल्टिमीटर आणि कोरा कागद. चालू झाली नाही तरी मार्क द्या. फक्त कागदावर काय तपासलं, काय आलं आणि त्यावरून काय ठरवलं ते क्रमाने लिहिलेलं असावं.

तोवर, पुढच्या वेळी कोणी काउंटरपलीकडून ‘बोर्ड गेला’ म्हणालं तर भांडू नका. शांतपणे एवढंच विचारा, ‘भाऊ, जांभळ्या वायरवर किती व्होल्ट आले?’